घरगुती गाण्यांचा संग्रह आणि कॉपीराइट: पेन ड्राइव्ह वाटण्यापूर्वी काय तपासावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून मुलांनी त्यांच्या आवडीच्या अठरा गाण्यांचा एक संग्रह घरीच तयार केला आहे. काही गाणी वडिलांच्या जुन्या तबकड्यांवरून संगणकावर उतरवली आहेत, काही मोबाइलवरच्या संगीताच्या अ‍ॅपमधून मिळवली आहेत, दोन गाणी मावशीने कराओके ट्रॅकवर स्वतः गायली आहेत आणि शेवटी आजोबांच्या भजनाची एक घरगुती टेप जोडली आहे. हा संग्रह सव्वाशे पेन ड्राइव्हवर भरून पाहुण्यांना भेट म्हणून द्यायचा, समारंभाच्या सभागृहात वाजवायचा आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी यूट्यूबवर चढवायचा, असा बेत आहे. ‘एक रुपयाही घेणार नाही, मग परवानगी कशाला?’ असा त्यांचा सवाल आहे.

संगीताच्या परवान्यांची कागदपत्रे पाहणे हेच माझ्या वकिलीतले रोजचे काम आहे, त्यामुळे उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. घरात ऐकण्यासाठी हा संग्रह करण्यास, अ‍ॅपमधली गाणी सोडल्यास, फारशी अडचण नाही. तो सव्वाशे प्रतींत वाटण्यास मात्र परवानगी लागते, आणि पैसे न घेणे हा त्यावरचा बचाव नाही. अठरा गाण्यांना मिळून एकच उत्तर देता येत नाही. प्रत्येक गाण्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो आणि तसा तो केला की काही गाणी पूर्णपणे मोकळी निघतात, हीही त्यातली चांगली बाजू आहे.

प्रत्येक गाण्याचा सात-बारा काढला, तर त्यावर एकापेक्षा जास्त नावे दिसतात. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि स्टुडिओत झालेले मुद्रण ही तिसरी, स्वतंत्र कृती आहे. संगीतकृतीच्या व्याख्येतून शब्द मुद्दाम वगळलेले आहेत, आणि ध्वनिमुद्रणावरच्या हक्कामुळे त्यात वापरलेल्या शब्दांवरचा व चालीवरचा वेगळा हक्क बाधित होत नाही, असे कलम १३(४) स्पष्टपणे सांगते. गायक-वादकांचा कलाकार म्हणून असलेला हक्क कलम ३८ खाली आहे. कार्यक्रम किंवा गायन झाले त्या वर्षानंतरच्या जानेवारीपासून हा हक्क ५० वर्षे टिकतो. कंपनीने काढलेल्या रेकॉर्डच्या बाबतीत कलाकारांची संमती मुद्रणाच्या वेळीच घेतलेली असते, त्यामुळे व्यवहारात हा चौथा हक्क बहुधा आडवा येत नाही. घरगुती मैफलींच्या टेपांच्या बाबतीत तो येतो, त्याकडे पुढे वळेन.

या नावांची मुदत वेगवेगळी असते, आणि लोकांची सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. ध्वनिमुद्रणाचा हक्क, ते पहिल्यांदा प्रकाशित झाले त्या वर्षानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे असतो (कलम २७). पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती, १९९२ मध्ये ती वाढवण्यात आली. म्हणजे १९६४ साली बाजारात आलेल्या रेकॉर्डच्या मुद्रणावरचा हक्क ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला, १९६८ सालच्या रेकॉर्डवरचा ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत चालेल. शब्द आणि चाल यांची मुदत मात्र रेकॉर्डच्या तारखेशी बांधलेली नाही. ती गीतकाराच्या आणि संगीतकाराच्या आयुष्याशी बांधलेली आहे: मृत्यूच्या वर्षानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे (कलम २२).

आपल्या यादीत गीतरामायणातले एक गीत आहे, त्याचेच गणित मांडून दाखवतो. पुणे आकाशवाणीवरून ही मालिका १९५५-५६ मध्ये प्रसारित झाली. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणून शब्दांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०३७ पर्यंत आहे. सुधीर फडके २००२ मध्ये गेले, म्हणून चालीवरचा हक्क ३१ डिसेंबर २०६२ पर्यंत आहे. तेव्हा एखादी रेकॉर्ड जुनी असल्यामुळे तिच्या मुद्रणावरचा हक्क संपला असला, तरी ती सव्वाशे जणांना प्रती काढून देण्याइतकी मोकळी झालेली नसते. संतांच्या अभंगांबाबतही हाच भ्रम असतो. तुकोबांच्या शब्दांवर कोणाचाच हक्क नाही हे खरे, पण श्रीनिवास खळे यांनी एखाद्या अभंगाला दिलेली चाल त्यांची आहे आणि ते २०११ मध्ये गेले असल्यामुळे ती ३१ डिसेंबर २०७१ पर्यंत संरक्षित आहे. तोच अभंग मावशींनी पारंपरिक भजनी चालीत गायला, तर प्रश्न उरत नाही.

उलट दिशेचे उदाहरण नाट्यसंगीताचे आहे, आणि वडिलांच्या तबकड्यांमध्ये ते आहे हे वाचून मला बरे वाटले. ‘मानापमान’ १९११ मध्ये रंगभूमीवर आले. पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणजे शब्द २००९ पासून मोकळे आहेत. टेंबे १९५५ मध्ये गेले, म्हणजे चाली २०१६ पासून मोकळ्या आहेत. त्या पदांची ७८ फेऱ्यांची तबकडी १९३० च्या आसपास निघालेली असेल, तर मुद्रणावरचा हक्कही कधीच संपला आहे. अशी तबकडी आपण बिनधास्त उतरवून घ्यावी आणि शंभर काय, हजार जणांना वाटावी. मात्र सर्वच नाट्यपदांना हा नियम सरसकट लावू नये. मास्तर कृष्णराव १९७४ मध्ये गेले, म्हणून त्यांनी बांधलेल्या चालींचा हक्क ३१ डिसेंबर २०३४ पर्यंत आहे. आणि मोकळे पद घेतानाही ते जुन्या तबकडीवरूनच उतरवावे, कंपनीने अलीकडे साफसफाई करून काढलेल्या सीडीवरून घेऊ नये. त्या नव्या मास्टरवर, म्हणजे साफ करून तयार केलेल्या मूळ प्रतीवर, कंपनी वेगळा हक्क सांगू शकते, आणि घरच्या समारंभासाठी तो वाद अंगावर ओढवून घेण्यात काही अर्थ नाही.

वर्ष कसे ओळखायचे, हे सांगितल्याशिवाय हे गणित कामाचे नाही. तबकडीच्या मध्यावरचा गोल कागद भिंगातून पाहा. त्यावर रेकॉर्ड क्रमांक, गायकाचे नाव, बहुधा गीतकार-संगीतकारांची नावे आणि नंतरच्या काळातल्या तबकड्यांवर वर्तुळातले पी हे अक्षर व त्यापुढे वर्ष असते. ते वर्ष मुद्रणाच्या पहिल्या प्रकाशनाचे मानले जाते. पण निवडक गाण्यांच्या एलपीवर छापलेले वर्ष पुष्कळदा त्या एलपीचे असते. त्यातली गाणी त्याआधी कितीतरी वर्षे ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर निघालेली असतात. वडिलांकडे १९७२ ची निवडक गाण्यांची एलपी असेल, तर त्यातले एखादे गाणे १९५८ चे निघू शकते आणि त्याची मुदत १९५८ पासूनच मोजावी लागते. मूळ रेकॉर्ड क्रमांक सापडला की वर्ष काढता येते. जुन्या रेकॉर्डचे संग्राहक या बाबतीत भरवशाचे असतात आणि आनंदाने मदतही करतात.

आता घरगुती वापर. कलम ५२(१)(ए) नुसार खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला उचित वापर हे उल्लंघन मानले जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी ही सवलत साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींपुरतीच होती. ध्वनिमुद्रणाचा त्यात उल्लेखच नव्हता, म्हणजे शब्दांवर बोट ठेवले तर आपलीच कॅसेट आपल्यासाठी उतरवून घेणेसुद्धा त्या सवलतीत बसत नव्हते. दुरुस्तीनंतर संगणकीय आज्ञावली वगळता सर्वच कृतींना ती लागू झाली. तेव्हा विकत घेतलेली तबकडी संगणकावर उतरवणे, तिची एक प्रत गाडीत ऐकण्यासाठी पेन ड्राइव्हवर ठेवणे, आई-वडिलांच्या घरी एक प्रत देणे, हे माझ्या मते या कलमात निर्धास्त बसते. सव्वाशे पाहुण्यांना दिलेल्या प्रती मात्र ‘वैयक्तिक’ या शब्दात कितीही ताणले तरी बसत नाहीत. या सवलतीचा अर्थ न्यायालये सैल लावत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या टिप्स (रेकॉर्ड कंपनी) विरुद्ध विंक (मोबाइलवर गाणी पुरवणारी सेवा) या निकालातही दिसते. ग्राहक गाणी वैयक्तिक ऐकण्यासाठीच उतरवून घेतात, हा व्यावसायिक कंपनीचा बचाव तिथे मान्य झाला नाही.

अ‍ॅपमधून घेतलेल्या गाण्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. मासिक वर्गणी भरली म्हणजे गाणे विकत घेतले, असे होत नाही. वर्गणी चालू असेपर्यंत त्या अ‍ॅपमध्ये ऐकण्याची मुभा तेवढी मिळते. ‘ऑफलाइन’ साठवलेली फाइल कुलूपबंद असते आणि उल्लंघन करण्याच्या हेतूने ते कुलूप तोडणे हा कलम ६५-ए खाली दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. म्हणून तेवढी गाणी संग्रहातून सरळ काढून टाका, असा माझा सल्ला आहे. ती पाहुण्यांपर्यंत पोहोचवण्याचा वैध मार्ग अगदी सोपा आहे: त्याच अ‍ॅपमध्ये एक प्लेलिस्ट करा आणि तिची लिंक क्यूआर कोडच्या रूपाने निमंत्रणपत्रिकेवर छापा. पाहुणा स्वतःच्या खात्यातून गाणे ऐकतो, कंपनीला व हक्कदारांना ठरलेले पैसे मिळतात आणि आपण एकही प्रत काढलेली नसते. खरे सांगायचे तर अठरापैकी बहुतेक गाण्यांसाठी हाच मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

‘पैसे घेणार नाही’ या मुद्द्याकडे येतो. कलम १४ नुसार ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत काढणे, अगदी इलेक्ट्रॉनिक माध्यमात ती साठवणे, हाच मुळी मालकाचा हक्क आहे. प्रत विकली की नाही, हा पुढचा प्रश्न झाला. कलम ५१ मध्येही व्यापारासाठी केलेल्या वाटपाबरोबर, हक्कदाराचे नुकसान होईल इतक्या प्रमाणात केलेले वाटप वेगळे नोंदवले आहे, म्हणजे फुकट वाटपही कायद्याच्या नजरेतून सुटलेले नाही. फरक पडतो तो शिक्षेच्या वेळी. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे, पण कृत्य व्यापारी लाभासाठी केलेले नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून त्याहून कमी शिक्षा देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला आहे, हेही माहीत असावे. लग्नाच्या सुवर्णमहोत्सवी वाढदिवसाला पोलीस दारात येतील, असे मी म्हणत नाही. घरगुती भेटवस्तूंवर अशी कारवाई झालेली माझ्या पाहण्यात नाही. पण ‘कोणी पकडत नाही’ आणि ‘परवानगी आहे’ यांतला फरक विचारणाऱ्याला कळलेला बरा. मूळ कलाकारांची नावे छापली म्हणून किंवा गाणे तीस सेकंदांपेक्षा कमी घेतले म्हणून सूट मिळते, अशा समजुतींना कायद्यात कुठेही आधार नाही. संग्रह एखाद्या संस्थेच्या मदतीसाठी विकला तरी स्थिती तीच राहते.

मग परवानगी कोणाकडे मागायची? चित्रपटगीतांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स या खटल्यात, मोबदला देऊन काम करून घेणारा निर्माता हाच शब्दांचा व संगीताचा पहिला मालक ठरतो, असे सांगितले. निर्मात्यांनी ते हक्क पुढे रेकॉर्ड कंपन्यांना दिले. म्हणून चित्रपटगीतासाठी पत्र रेकॉर्ड कंपनीलाच लिहावे लागते. एचएमव्हीच्या तबकड्यांसाठी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया म्हणजे आजची सारेगामा, पॉलिडॉरच्या जुन्या तबकड्यांसाठी युनिव्हर्सल म्युझिक, अशी सुरुवात करावी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) समान वाटा त्यांच्याकडून काढून घेता येत नाही, आणि त्यांच्या वतीने आयपीआरएस (वरच्या खटल्यातली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही नोंदणीकृत संस्था काम पाहते. म्हणून कंपनीच्या होकारानंतर शब्द आणि चाल यांचे काय, हे त्याच पत्रात विचारून घ्यावे. भावगीत असेल तर मूळ करार गीतकाराशी कसा झाला होता, यावर उत्तर बदलते आणि काही वेळा वारसांनाच विचारावे लागते.

परवाना लेखी हवा, एवढेच कलम ३० म्हणते. २०१२ पासून त्यावर सहीची अट राहिलेली नाही, त्यामुळे कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून आलेला होकाराचा ईमेल पुरतो. आपल्या पत्रात गाण्याचा मुखडा, गीतकार, संगीतकार, गायक आणि रेकॉर्ड क्रमांक, माध्यम पेन ड्राइव्ह, प्रती १२५, विक्री नाही, वाटप फक्त भारतात आणि प्रसंग कोणता, हे सगळे असावे. मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नये, कारण ते लिहिले नाही तर कायदा पाच वर्षे आणि भारत असे गृहीत धरतो. यूट्यूबसाठी वेगळी ओळ लिहावी. पेन ड्राइव्हच्या परवान्यात यूट्यूब येत नाही. एवढे करूनही, सव्वाशे प्रतींच्या विनंतीला मोठ्या कंपनीत उत्तर द्यायला सहसा कोणाला सवड नसते, आणि उत्तर आलेच तर त्यातली किमान रक्कम पेन ड्राइव्हच्या खर्चापेक्षा जास्त असू शकते. मौन म्हणजे संमती, असे मात्र समजू नये. ‘अमुक तारखेपर्यंत उत्तर आले नाही तर परवानगी आहे असे धरू’ हे वाक्य लोक पत्रात फार हौसेने लिहितात; त्याला कवडीची किंमत नाही, उलट आपल्याला हक्काची जाणीव होती याचा तो पुरावा ठरतो. लहान कंपनी बंद पडली असेल तरी हक्क कोणाकडे तरी गेलेलाच असतो. मालक सापडतच नसेल तर कलम ३१-ए खाली सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, पण त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. तो मार्ग प्रकाशकांचा आहे, कौटुंबिक भेटीसाठी नाही.

मावशींच्या दोन गाण्यांविषयी. गळा त्यांचा असल्यामुळे मूळ रेकॉर्डच्या मुद्रणाचा प्रश्न मिटला, पण शब्द आणि चाल यांचा उरला, आणि कराओके ट्रॅकचा नवा उभा राहिला. तो ट्रॅक हेसुद्धा कोणीतरी केलेले ध्वनिमुद्रण आहे. तो विकताना किंवा यूट्यूबवर ठेवताना बहुधा फक्त गाण्याच्या सरावापुरती मुभा दिलेली असते, त्यावर आवाज चढवून प्रती वाटण्याची नसते. अशा गाण्यांसाठी कायद्यात ‘कव्हर व्हर्जन’ची, म्हणजे जुने गाणे नव्या आवाजात पुन्हा मुद्रित करण्याची, सोय आहेच ना, असे पुष्कळ जण विचारतात. आहे, कलम ३१-सी. पण त्याच्या अटी वाचल्या की घरच्या माणसाने नाद सोडावा. पहिल्या मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे लोटलेली असावीत, ही अट जुन्या गाण्यांना अडत नाही. पण मालकाला आगाऊ नोटीस द्यावी लागते, वेष्टनाचा नमुना पाठवावा लागतो, वेष्टनावर मूळ गायकाचे नाव किंवा चित्र छापता येत नाही, हिशेबाची वही ठेवावी लागते आणि दर वर्षी प्रत्येक गाण्यामागे किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन आगाऊ भरावे लागते. ही तरतूद एका काळी बाजारात आलेल्या व्हर्जन रेकॉर्डिंगच्या कॅसेटींचा पूर डोळ्यांसमोर ठेवून केली आहे, मावशींच्या गळ्याचा विचार करून नाही. त्यापेक्षा मावशींनी हार्मोनियम-तबल्याच्या साथीवर ‘मानापमाना’तले पद किंवा पारंपरिक चालीतला अभंग म्हणावा, तिथे कोणाचीच परवानगी लागणार नाही. कराओकेवरची ती दोन गाणी त्यांनी समारंभात प्रत्यक्ष म्हणावीत.

आजोबांच्या टेपवर मी थोडा अधिक वेळ घालवतो, कारण संग्रहातली सर्वांत मोलाची चीज तीच आहे आणि सर्वांत सोपीही. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन आणि जबाबदारी उचलून ते केले तो निर्माता. ती टेप वडिलांनी स्वतःच्या रेकॉर्डरवर घरी केली असेल तर मालक वडीलच. आजोबांचा कलाकार म्हणून असलेला हक्क अजून चालू असेल तर तो त्यांच्या वारसांकडे, म्हणजे घरातच आहे. आत्या-काकांचा एका ओळीचा लेखी होकार घेतला की काम झाले. साथीला बाहेरचे पेटीवादक किंवा तबलजी असतील तर त्यांनाही, किंवा त्यांच्या घरच्यांना विचारावे. तसे विचारले की त्यांना आनंदच होतो, शिवाय एखादी आणखी टेप निघते. पण टेप आकाशवाणीवरून उतरवलेली असेल तर चित्र बदलते. प्रसारण संस्थेचा पुनःप्रसारणाचा हक्क २५ वर्षे आणि मुद्रणावरचा आकाशवाणीचा स्वतःचा हक्क वेगळा असतो. तिथे आकाशवाणीलाच विचारावे लागते. आणि टेप एखाद्या नामवंत गवयाच्या खासगी बैठकीची असेल, जशा पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत आहेत, तर कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी ती मुद्रित करण्यात उल्लंघन नाही, पण ती वाटण्याची मुभा त्या कलमात नाही. संग्राहकांमध्ये अशा टेपा एकमेकांना देण्याची जुनी रीत आहे आणि कित्येक मैफली केवळ तिच्यामुळे वाचल्या. कायद्याच्या पुस्तकात तिला जागा नाही, हे मला खटकते, पण सल्ला मला पुस्तकाप्रमाणेच द्यावा लागतो.

सभागृहात गाणी वाजवण्याचा मुद्दा प्रती काढण्यापेक्षा वेगळा आहे. पीपीएल, आरएमपीएल, नोव्हेक्स या रेकॉर्ड कंपन्यांच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्थांकडून मिळणारे परवाने सार्वजनिक ठिकाणी मुद्रित संगीत वाजवण्यासाठीचे असतात. त्यातला एखादा घेतला म्हणून पेन ड्राइव्ह भरण्याची परवानगी मिळाली, असे होत नाही. सोसायटीच्या रहिवाशांसाठी असलेल्या बंदिस्त सभागृहात रेकॉर्ड वाजवणे कलम ५२(१)(के) मधल्या सवलतीत बसू शकते. भाड्याच्या मंगल कार्यालयात ती सवलत नाही. लग्नाच्या वरातीला आणि लग्नाशी संबंधित सामाजिक सोहळ्यांना कलम ५२(१)(झेडए) चे संरक्षण आहे आणि केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार विभागाने जुलै २०२३ मध्ये सूचना काढून त्याची आठवणही करून दिली. पण त्यावरून गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस हा ‘लग्नाशी संबंधित सोहळा’ ठरतो का, यावर मी पैज लावणार नाही. कार्यालयाच्या व्यवस्थापकाला आधी विचारा. त्यांच्याकडे वार्षिक परवाना असेल तर तो आपल्या दिवसाला लागू होतो का, एवढे लेखी घ्या. अशा परवान्यांसाठी संस्था नोंदणीकृतच हवी का, यावर मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये परस्परविरोधी निकाल दिले आहेत. महाराष्ट्रात मुंबईचा निकाल धरून चालावे.

यूट्यूबवर चढवणे म्हणजे कायद्याच्या भाषेत लोकांपर्यंत संप्रेषण, मग पाहणारे नातेवाईक दहाच का असेनात. शिवाय गाण्याला कुटुंबाचे फोटो जोडले की तो चित्रफितीत केलेला वापर ठरतो आणि त्याचा परवाना आणखी वेगळा. प्रत्यक्षात काय घडते, तर यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा बहुतेक जुनी व्यावसायिक गाणी काही मिनिटांत ओळखते आणि हक्कदाराने ठरवल्याप्रमाणे चित्रफितीवर जाहिराती लागतात, आवाज बंद होतो किंवा ती दिसेनाशी होते. जाहिराती लावून चित्रफीत चालू ठेवली म्हणजे परवाना मिळाला, असा अर्थ काढू नये. हक्कदार केव्हाही मत बदलू शकतो. नुसता दावा येणे आणि ‘स्ट्राइक’ (हक्कदाराच्या तक्रारीवरून वाहिनीवर नोंदला जाणारा ठपका) मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर वाहिनीच बंद होऊ शकते, म्हणून भाच्याच्या कमावत्या वाहिनीवरून हा प्रयोग करू नका.

मोकळ्या झालेल्या तबकड्या यूट्यूबवर ठेवतानाही एक अडचण लक्षात घ्या. वर केलेले सगळे गणित भारतातले आहे. अमेरिकेने २०१८ च्या कायद्याने १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना स्वतंत्र आणि फार लांब मुदती दिल्या. १९२३ पूर्वी प्रकाशित झालेली मुद्रणे तिथे २०२२ च्या जानेवारीत मोकळी झाली आणि त्यानंतरची एकेका वर्षाची क्रमाने होत आहेत. त्यामुळे १९३० ची जी तबकडी आपण पुण्यात बिनधास्त वाटाल, ती न्यू जर्सीतल्या काकांसाठी सार्वजनिकपणे चढवली तर तिथल्या कायद्याने अजून संरक्षित असते. त्यांना पेन ड्राइव्ह हातात द्यायचा असेल तर तो ते इथे आले की द्यावा, आणि यूट्यूबवर फक्त आजोबांची टेप व मावशींनी पेटीवर म्हटलेले पद ठेवावे. पेन ड्राइव्हच्या डबीवर कलम ५२-ए नुसार मुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्कदाराचे नाव व पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचे वर्ष छापावे. आजोबांच्या टेपचे पहिले प्रकाशन आपल्या समारंभाच्याच वर्षी होत असल्यामुळे तिथे चालू वर्ष येईल, आणि तिची ६० वर्षे पुढच्या जानेवारीपासून मोजली जातील.